वारस नसलेल्या राज्याचे ग्रंथालय : तंजावरचा सरस्वती महाल, १८५५ ते १९१८

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावरचे राजे दुसरे शिवाजी यांचे निधन झाले. त्यांना औरस पुत्र नव्हता आणि दत्तकविधानही झालेले नव्हते. मागे राहिल्या त्या अनेक राण्या आणि दोन मुली. राज्याचा प्रत्यक्ष कारभार १७९९ सालीच ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलेला असल्यामुळे किताब, किल्ला, तनखा आणि राजवाडा एवढेच या गादीचे उरलेले वैभव होते आणि तेही आता संपुष्टात आणावे, असे कंपनीने ठरवले. त्याच राजवाड्यात जडजवाहीर, शस्त्रागार आणि सरंजाम यांच्या शेजारी ताडपत्रांचे आणि कागदी पोथ्यांचे एक प्रचंड भांडार होते. गादी खालसा झाल्यावर त्या भांडाराचा मालक कोण, हा प्रश्न त्या दिवशी बहुधा कोणाच्याही मनात नसेल, पण पुढची ६३ वर्षे तो या ना त्या रूपाने जिवंत राहिला आणि त्याचे उत्तर १९१८ साली मिळाले. राजाश्रयावर वाढलेले ग्रंथालय राजा नाहीसा झाल्यावर कसे टिकते, हे समजून घेण्यासाठी भारताच्या ग्रंथालय-इतिहासात याच्याइतके बोलके प्रकरण मला दुसरे दिसत नाही.

असे संग्रह सहसा टिकत नाहीत. ज्या १७९९ साली तंजावरच्या राजाने कारभार सोडला, त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानाचा सुमारे २,००० ग्रंथांचा संग्रह विजेत्यांच्या हाती गेला. त्यातील काही ग्रंथ कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आणि काही लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात पोहोचले. चार्ल्स स्टुअर्टने १८०९ साली त्याची सूची छापली, म्हणून त्या संग्रहात काय होते याचा अंदाज आज करता येतो. पण ज्या जागी तो जमला होता, तेथे त्याचा मागमूस उरला नाही. तंजावरचे भांडार मात्र आजही त्याच राजवाड्याच्या आवारात आहे.

संग्रह कसा घडला

या संग्रहाची सुरुवात मराठ्यांनी केलेली नाही, हे आपण मराठी वाचकांनी आधी मान्य केले पाहिजे. सोळाव्या-सतराव्या शतकांत तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांच्या दरबारात तेलुगू आणि संस्कृत विद्येला मोठा आश्रय होता आणि त्यांच्या काळचा पोथ्यांचा साठा राजवाड्यात होता. शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा हा साठाही राज्याबरोबर त्यांच्याकडे आला. त्यानंतरच्या भोसले राजांपैकी अनेक जण स्वतः लिहिणारे होते. पहिल्या शहाजींनी (१६८४ ते १७१२) मराठी, तेलुगू आणि संस्कृत अशा अनेक भाषांत नाटके व पदे रचली, तर पहिल्या तुळजाजींच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ आहे. लेखक राजे असलेल्या घराण्यात पोथी ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. ती रोजच्या वापरातली असते, तिच्या नकला होतात आणि ती हाताळणारी माणसे पदरी असतात.

तरीही आज ज्याला आपण सरस्वती महाल म्हणतो, तो मुख्यतः दुसऱ्या सरफोजींनी घडवला. त्यांचा जन्म १७७७चा. दुसऱ्या तुळजाजींनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले, परंतु दत्तकाविषयी वाद निघून गादी तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली आणि लहानग्या सरफोजींचे पालकत्व जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांच्याकडे आले. पुढे त्यांचे काही शिक्षण मद्रासेत झाले. १७९८ साली कंपनीच्या पाठिंब्याने ते गादीवर बसले आणि दुसऱ्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, झालेल्या तहाने त्यांच्याकडे किल्ला व त्याचा परिसर, दरसाल एक लाख स्टार पॅगोडांचा (पॅगोडा म्हणजे दक्षिणेतील सोन्याचे नाणे) तनखा आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

राज्य हातचे गेले म्हणून राजाने पुस्तकांत मन रमवले, असे या टप्प्याविषयी नेहमी लिहिले जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. सैन्य, करवसुली आणि परराष्ट्रकारण ही तिन्ही साधने काढून घेतल्यावर सरफोजींच्या हाती पैसा, माणसे आणि प्रतिष्ठा एवढेच उरले होते आणि त्यांचा त्यांनी अत्यंत विचारपूर्वक उपयोग केला. राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना उभारला, तोही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात. त्यावर इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत शिलेवर कोरून घेतले. धन्वंतरी महाल या त्यांच्या दवाखान्यात वैद्य आणि डॉक्टर एकत्र काम करीत. तिथल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह जपून ठेवल्या गेल्या. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतील पुस्तके त्यांनी मागवली. ती ४,०००हून अधिक भरतात आणि त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वतःची सही आहे. १८२० साली ते सुमारे ३,००० माणसांच्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले, तेव्हा देवदर्शनाइतकेच हस्तलिखिते मिळवणे आणि नकलून घेणे हेही त्या यात्रेचे काम होते. १८२६ साली तंजावरला आलेल्या बिशप हेबर यांनी या राजाला लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देताना ऐकले आणि त्याचे वर्णन आपल्या पत्रव्यवहारात करून ठेवले.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांच्या पुत्राच्या, म्हणजे दुसऱ्या शिवाजींच्या, २३ वर्षांच्या कारकिर्दीत ग्रंथसंग्रहाच्या वाढीचा वेग तसा राहिला नाही.

जप्ती आणि खटला

शिवाजी वारल्यानंतर तंजावरचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचे प्रतिनिधी, फोर्ब्ज यांनी राजकन्येला वारस मानावे, अशी शिफारस केली होती. ती कंपनीने नाकारली आणि किताब लुप्त झाल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर १८५६मध्ये सैन्याच्या बंदोबस्तात राजवाड्याचा ताबा घेण्यात आला आणि कोठ्या व दालने कुलूप लावून मोहरबंद करण्यात आली. यात राज्याची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती, असा भेद केला गेला नाही. ग्रंथालयाच्या दृष्टीने हा सर्वांत धोक्याचा क्षण होता. जवाहिराची किंमत ठरवता येते, म्हणून त्याची यादी होते. ताडपत्रांच्या गाठोड्यांची किंमत जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला ठरवता येत नाही आणि ज्याची किंमत ठरत नाही, ते हरवले तर कोणी विचारीत नाही.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. त्यांच्या बाजूने जॉन ब्रूस नॉर्टन हे वकील उभे होते. राजाची खासगी मालमत्ता हिंदू कायद्याने त्याच्या विधवांची आहे, गादी खालसा झाली म्हणून तीही सरकारजमा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासच्या न्यायालयाने राणीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाकडे, अपील केले आणि १८५९ साली तो निकाल फिरला. ही जप्ती म्हणजे सार्वभौम सत्तेने केलेली राजकीय कृती आहे, ती न्याय्य होती की अन्याय्य हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असे कौन्सिलने म्हटले. जप्तीला कायद्याचा आधार शोधणे कठीण आहे, हे न्यायमूर्तींनी लपवले नाही. पण राणीला त्याचा उपयोग झाला नाही. हा निवाडा पुढे ब्रिटिश साम्राज्यभर दाखला म्हणून वापरला गेला आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्या निवाड्यातल्या ‘मालमत्ते’च्या शेजारच्या दालनांत हजारो पोथ्या होत्या.

न्यायालयात हरलेली गोष्ट तीन वर्षांनी सरकारी आदेशाने मिळाली. २१ ऑगस्ट १८६२च्या आदेशाने मद्रास सरकारने राजाची खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. ज्येष्ठ राणीने व्यवस्था पाहावी, सर्व राण्यांनी उपभोग घ्यावा, शेवटची राणी वारल्यावर राजकन्येला आणि ती नसल्यास राजाच्या जवळच्या वारसांना ती मिळावी, असा क्रम त्यात घालून दिला होता. सरकारने हे हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून केले. तरीही या आदेशामुळे ग्रंथसंग्रह विजेत्याची लूट न राहता एका कुटुंबाची मालमत्ता झाला. माझ्या मते या प्रकरणाचे खरे वळण १९१८चे नसून हे १८६२चे आहे, कारण मालमत्ता विखुरली न जाता एकत्र आणि जागच्या जागी राहिली नसती तर पुढे अर्पण करण्यासारखे काही उरलेच नसते.

त्याच राजवाड्यातील शस्त्रागाराचे काय झाले, हे पाहिले की याची जाणीव तीव्र होते. सतराव्या शतकापासून जमलेली ती शस्त्रे दक्षिण भारतातील अशा संग्रहांत अव्वल होती. त्यांतील निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेले, ते आज तेथे पाहता येतात. उरलेल्यांपैकी बरीचशी शस्त्रे केवळ धातूच्या मोलाने भंगारात गेली. पोलादाला बाजारभाव होता, ताडपत्राला नव्हता. आणि ज्या गोष्टीमुळे ग्रंथालयाला धोका होता, तिनेच त्याला वाचवले.

सूचीचा आधार

कुटुंबाची मालमत्ता झाल्याने संग्रह सुरक्षित झाला, असे नाही. दक्षिणेतील दमट हवेत ताडपत्र आपोआप टिकत नाही. लेखणीने टोचून लिहिलेल्या अक्षरांत काजळी भरतात, पाने तेल लावून लवचीक ठेवतात, फळ्यांच्या मध्ये दोरीने बांधतात; आणि सरस्वती महालात वेखंड, कलौंजी, लवंग, दालचिनी, मिरी यांची पूड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत आहे, तिच्या वासाने किडे लांब राहतात. हे काम वर्षानुवर्षे, न चुकता आणि पगारी माणसांनी करावे लागते. तनखा बंद झालेल्या, आपसांत हक्कांवरून भांडणाऱ्या राण्यांच्या घरात त्यासाठी किती लक्ष उरले असेल, याची कल्पना करता येते. १८६८ सालीच मद्रास हायकोर्टात दोन राण्यांमधला वाद निकालासाठी आला होता.

या काळात मद्रास सरकारने १८७१मध्ये आर्थर कोक बर्नेल या सनदी अधिकाऱ्याला संग्रहाची तपासणी करण्यास सांगितले. बर्नेल पुढे तंजावरला जिल्हा न्यायाधीश होते आणि संस्कृत तसेच दक्षिणेतील लिप्यांचे जाणकार होते. ग्रंथ (दक्षिणेत संस्कृतसाठी वापरली जाणारी लिपी), तेलुगू, नागरी, नंदिनागरी अशा वेगवेगळ्या लिप्यांतील संस्कृत हस्तलिखिते वाचून त्यांनी जी वर्गीकृत सूची तयार केली, ती १८८० साली लंडनमध्ये छापून पूर्ण झाली. तंजावरच्या राजवाड्यात काय आहे, हे जगभरच्या अभ्यासकांना प्रथमच कळले.

सूचीचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नसते, ही गोष्ट ग्रंथालयांच्या इतिहासात फार कमी लेखली जाते. छापील सूचीत नोंदलेली पोथी नाहीशी झाली तर तिची चौकशी होते. नोंद नसलेली पोथी नाहीशी झाली तर ती कधी होती, हेही सिद्ध करता येत नाही. वारसांच्या भांडणात अडकलेल्या संग्रहासाठी ती सूची कुलपाइतकीच उपयोगी होती. तिचा दोष एवढाच की ती संस्कृतपुरती होती. मराठी, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखिते व मोडी दफ्तर हे सारे तिच्याबाहेर राहिले आणि त्यांना सूचीसाठी पुढच्या शतकाची वाट पाहावी लागली.

अर्पण

शेवटची राणी १९१२मध्ये वारली आणि १८६२च्या आदेशातील शेवटची तरतूद लागू झाली. आता ‘जवळचे वारस’ कोण, यावरून मोठा खटला उभा राहिला. तंजावरच्या घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांनी दावे केले, कोल्हापूरच्या छत्रपतींनीही भोसले घराण्याच्या नात्याने दावा सांगितला आणि मद्रास हायकोर्टाचा निकाल येईपर्यंत १९२४ साल उजाडले. अशा खटल्यात मालमत्तेचे तुकडे होणे स्वाभाविक असते. ग्रंथसंग्रहाचे हिस्से झाले असते, तर एका ग्रंथाच्या पाच नकला पाच घरांत गेल्या असत्या आणि वकिलांच्या फीपायी त्यांतल्या किती विकल्या गेल्या असत्या, हे सांगता येत नाही.

तसे झाले नाही. खटल्याचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच राजघराण्यातील वारसांनी ग्रंथालय वाटणीतून बाहेर काढून जनतेला अर्पण केले आणि त्याच्या देखभालीसाठी एक लाख रुपये बाजूला ठेवले. मद्रास सरकारने ५ ऑक्टोबर १९१८च्या आदेशाने धर्मादाय निधीच्या कायद्याखाली ते ताब्यात घेऊन व्यवस्थेची योजना आखली आणि कारभार पाच जणांच्या समितीकडे सोपवला. ग्रंथालयाला सरफोजींचे नाव देण्यात आले.

या निर्णयाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. वारसांनी पुस्तके सरकारला नुसती देऊन टाकली नाहीत. त्यांच्याबरोबर निधी दिला. देणगीत मिळालेल्या संग्रहांची दुर्दशा बहुतेक वेळा येथेच सुरू होते, की ग्रंथ येतात आणि ते सांभाळण्याचा खर्च येत नाही. दुसरे, संग्रह मद्रासला हलवला गेला नाही. मद्रासेत सरकारी हस्तलिखित ग्रंथालय होते, सोय होती, अभ्यासकही होते. तेथे नेणे सोपे ठरले असते. परंतु पोथ्या तंजावरातच राहिल्यामुळे त्या वाचू शकणारी स्थानिक पंडितांची परंपरा आणि पोथ्या यांची ताटातूट झाली नाही. याचे फळ लवकरच दिसले : पी. पी. एस. शास्त्री यांच्या संपादनाखाली १९२८ ते १९३४ या काळात संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९ खंडांत प्रसिद्ध झाली. बर्नेलनंतर अर्ध्या शतकाने झालेले हे काम सार्वजनिक संस्थेनेच करता येण्याजोगे होते. वारसांमध्ये तीव्र मतभेद असतानाही या एका बाबीवर त्यांनी एकमत केले, याबद्दल त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

मराठीचा वाटा

आज ग्रंथालयातील हस्तलिखितांत संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा, चार पंचमांशांहून अधिक आहे. मराठी हस्तलिखिते सुमारे ३,००० आहेत. संख्येने हा भाग लहान असला तरी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची काही पाने त्याने बदलायला लावली. मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३च्या सांगलीतील ‘सीता स्वयंवरा’पासून सांगण्याची आपली रीत आहे, पण तंजावरच्या पहिल्या शहाजींचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे आहे. खुद्द सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजी या तमिळ नृत्यनाट्यप्रकारात मराठीतून जगाचा भूगोल सांगितला आहे; देश, समुद्र आणि खंड यांची नावे गाण्यांतून येतात. सह्याद्रीच्या या बाजूला असे नाटक कोणी लिहिले नसते, कारण त्यासाठी तमिळ रंगभूमी, मराठी दरबार आणि युरोपीय नकाशे एका छताखाली यावे लागले. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर प्रांतात होते, त्यामुळे रामदासी परंपरेतील लेखनही येथे आहे.

मोडी दफ्तराची गोष्ट वेगळी आहे. दरबारी कागदांचे १,३००हून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, मागे राहिले : राजवाड्याचे जमाखर्च, अन्नछत्रांचा खर्च, गवई, नर्तकी आणि वैद्य यांचे पगार, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. १९१८मध्ये त्यांना ‘ग्रंथ’ मानणारे थोडेच असतील. परंतु सरफोजींच्या छत्रांत रोज किती माणसे जेवत, दवाखान्यात कोणती औषधे येत, भरतनाट्यम घडवणाऱ्या कलावंतांना काय मिळे, या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांत नाहीत, ती या रुमालांत आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तराला १९३०च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारखा संपादक आणि ४५ खंडांची निवड लाभली. तंजावरच्या दफ्तराला मराठीत तसे भाग्य लाभले नाही. तमिळनाडूत मराठी-मोडी जाणणारे उत्तरोत्तर कमी होत गेले आणि महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांना तंजावर दूर पडले. या कागदांचा काही भाग तंजावरच्या तमिळ विद्यापीठाकडे गेला आणि निवडक कागदांची भाषांतरे तमिळमध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे आपल्याच पूर्वजांनी मोडीत लिहिलेला मजकूर वाचण्यासाठी मराठी अभ्यासकाला आधी तमिळ शिकावी लागेल, अशी स्थिती आली आहे आणि ती पालटण्याची जबाबदारी तंजावरकरांपेक्षा आपल्या विद्यापीठांची अधिक आहे.

१९८३ साली केंद्र सरकारने सरस्वती महालाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. १९१८ची पाच जणांची समिती १९८६ साली संपली आणि ग्रंथालय नोंदणीकृत संस्था म्हणून काम करू लागले. संस्था हस्तलिखितांच्या आवृत्त्या छापते, तिचे नियतकालिक आहे आणि दर्शनी दालनातल्या छोट्या संग्रहालयात सचित्र पोथ्या, सरफोजींची पुस्तके आणि चित्रे पर्यटकांना पाहता येतात. वाचकांची व्यवस्था निराळी आहे. सूचीतील क्रमांक देऊन तेथे हस्तलिखित मागता येते, आणि त्यासाठी मागणाऱ्याला भोसले कुळाशी किंवा कोणत्याही दरबाराशी नाते सांगावे लागत नाही.